काटा दहाच्या पटीत बोलतो

सावदा-फैजपूर रस्त्यावर माझा वजनकाटा आहे,
म्हणजे काटा मालकाचा, खुर्ची माझी.
केळीचा ट्रक चढतो, लोखंड कण्हतं,
मी आकडा वाचतो, पावती फाडतो:
भरलेला, रिकामा, निव्वळ.
एकोणीस वर्षं. बसून.

मी शहाण्णव किलो.
केबिनच्या तीन पायऱ्या चढलो की
लुधियानाचा ड्रायव्हर आधी पाणी देतो, मग चिठ्ठी.

सुपडू म्हणाला, भौ, नुसतं ताक पी,
महिन्यात पंधरा किलो उतरशीन.
नऊ दिवस प्यायलो.
दहाव्या दिवशी हात थरथरला, एक शून्य जास्त पडलं,
आणि एका ट्रकची केळी कागदावर दहापट झाली.
मालक काही बोलला नाही,
खुर्चीकडे बघत राहिला.

भुसावळला फेगडे डॉक्टरीणबाईंनी वही उघडली.
वजन गुणिले दहा, नऊशे साठ.
उंची एकशे अडुसष्ट, गुणिले सव्वासहा, एक हजार पन्नास.
वय चव्वेचाळीस, त्याची पाचपट वजा.
वर पाच, पुरुष म्हणून.
पाचच! कुमुदला सांगितलं तर दिवसभर हसेल.
खाली रेघ. सतराशे पंच्याण्णव.

"हे कशाचे?"
"हे नुसतं पडून राहण्याचे.
दिवसभर कूस बदलली नाहीत, तरी
काळीज, मेंदू, यकृत, किडन्या
मिळून एवढं जाळणारच."

मी गप्प झालो.
बाप म्हणायचा, बसून खातो.
सासरे म्हणायचे, काम काय, खुर्ची धरायची.
आणि इथे आत कुणीतरी
पगार न मागता, पोळ्याचीही सुट्टी न घेता
भट्टी पेटती ठेवून होतं,
मी घोरत असताना सुद्धा.
हा माझा रिकाम्या गाडीचा आकडा.
ह्याच्या खाली उतरायचं नाही, बाई म्हणाल्या.
मी तर ताकावर कितीतरी खाली जाऊन आलो होतो.

बसून काम, म्हणून गुणिले एक पूर्णांक दोन.
एकवीसशे चोपन्न.
मी म्हटलं, ह्यातले हजार काढा.
त्यांनी तीनशे काढले.
आठवड्याला साधारण पाव किलो.
"पाव किलोला आमचा काटा ओळखत नाही, बाई."
"मग त्या काट्यावर उभे राहू नका."

घरी कुमुदनं तेलाची पळी मोजली.
एक पळी म्हणजे जवळजवळ एक भाकरी.
म्हणजे हिवाळ्यात शेतावरच्या भरिताला
मी तीन-चार भाकऱ्या न चावताच गिळत होतो.
आता कळण्याची दीड भाकरी, उडदाचं घुटं वाटीभर,
शेंगदाणे वीस.
मुठीतले उरलेले तिनं परत डब्यात टाकले,
प्रत्येकाचा वेगळा आवाज झाला.
"एवढ्यानं व्हईन का तुले?"
आणि माझं उत्तर यायच्या आत
ताटात अर्धी भाकरी आणखी:
"ही माही. तुह्या हिशोबात धरू नको."
मी धरली. वहीत लिहिली सुद्धा,
कुमुदची अर्धी, सत्तर.

ड्रायव्हर अजून फणी ठेवून जातात.
एक केळ, शंभर. एक खातो.
बाकी सुपडूचं नशीब.

पाच आठवड्यांनी, रात्री दोनला,
रस्त्यावर एकही दिवा नसताना
चपला काढून काट्याच्या मधोमध उभा राहिलो.
चाळीस टनांसाठी केलेलं ते लोखंड,
त्याला मी म्हणजे उडून आलेलं पान.
खिडकीतून सुपडू ओरडला, नव्वद!
पहिल्या रात्री शंभर होते, भौ, दहा गेले!

मला ठाऊक आहे यंत्राची खोड.
पंच्याण्णवच्या वर असलं की शंभर म्हणतं,
जरा खाली आलं की नव्वद.
खरे गेलेत सव्वा किलो,
एका फणीएवढे.

तरी त्याला पावती फाडू दिली.
भरलेला: नव्वद.
रिकामा: मी सांगितलं, सतराशे पंच्याण्णव लिही.
तो बघतच राहिला.
निव्वळच्या रकान्यावर पेन अडलं त्याचं.
म्हटलं, तो राहू दे कोरा.
खाली गाडी हॉर्न देतेय.